क्लच गेला, हे ठरवलं कोणी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना, दिवाळी किंवा जोडून आलेली तीन दिवसांची सुट्टी, यांपैकी काहीही असलं की वाई-पाचगणी रस्त्यावरच्या पसरणी घाटातल्या कोंडीचा फोटो आपल्या अंकात येतो. पर्यटक किती तास अडकले, तेही खाली छापलेलं असतं. त्या कोंडीत किती गाड्यांचे क्लच जळाले, ते मात्र बातमीत नसतं. तो हिशेब माझ्या काउंटरवर होतो. वाईत आमचं मोटार स्पेअर पार्टचं दुकान आहे. सासऱ्यांनी जीप आणि ॲम्बॅसिडरच्या काळात सुरू केलेलं, आता मी बघते. मी मेकॅनिक नाही. पण क्लच प्लेट विकणाऱ्याला ती कधी लागते आणि कधी लागत नसताना घातली जाते, हे बसल्या जागी दिसतं. त्याबद्दल हे पत्र.

नवी प्लेट न्यायला आलेला मेकॅनिक जुनी प्लेट नमुन्याला आणतो. गाडीचं नाव तेच असलं तरी वर्षागणिक प्लेटचा व्यास आणि मधले दाते बदललेले असतात, म्हणून आम्हीही जुनी बघितल्याशिवाय पार्ट काढत नाही. त्यामुळे आसपासच्या बऱ्याच गाड्यांच्या जुन्या प्लेटा माझ्या काचेवर येऊन पडतात. पुष्कळशा खरोखर संपलेल्या असतात. लायनिंग, म्हणजे प्लेटवरचा घासणारा थर, तो धरून ठेवणाऱ्या रिव्हेटच्या डोक्यापर्यंत झिजलेलं, कडा काळ्या, हातात घेतली की जळका वास. पण अधूनमधून एखादी अशी येते की लायनिंग चांगलं जाड, कोरडं, आणि रिव्हेट खोल आत. "ही का काढली रे?" म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "गाडी उचलत नव्हती, ताई." नवीन टाकल्यावर उचलायला लागली का, असं विचारलं की साहेबांना फोन येतो.

इथे एक सांगून टाकते. प्लेट गेलेली असो वा नसो, माझा गल्ला भरतोच. मेकॅनिकला आम्ही छापील किमतीवर दहा-पंधरा टक्के सोडतो, तो गिऱ्हाइकाला छापील किंमत लावतो. यात लपवण्यासारखं काही नाही. तो पार्ट ओळखतो, आणतो, चुकला तर परत करायला येतो, त्याची ती मजुरी आहे. माझी तक्रार त्याच्या आधीच्या टप्प्याबद्दल आहे. गाडी गॅरेजच्या दारात उभी राहते, मालक म्हणतो पिकअप नाही, मेकॅनिक पेडल एकदा दाबून बघतो आणि म्हणतो, "क्लच गेला." तपासणी संपली! ब्रेक किंवा बॅटरीच्या बाबतीत एवढं चाललं असतं एक वेळ, कारण तिथे चूक निघाली तरी चार नट परत आवळायचे असतात. क्लचपर्यंत पोचायला मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तो एकदा खाली आला की आत काहीही दिसो, मजुरी लागू झालीच. आणि एवढं खोललंय तर बदलूनच टाकू, असं म्हणण्यावाचून मालकापुढे काही उरत नाही.

गेल्या पावसाळ्याआधी पुण्याचे एक निवृत्त गृहस्थ स्वतःच सेट न्यायला आले. घाटातल्या एका गॅरेजवाल्याने चिठ्ठीवर नाव लिहून दिलं होतं, क्लच सेट आणि बेअरिंग. मी सहज विचारलं, "काका, ॲक्सिलरेटर दिल्यावर इंजिनचा आवाज वाढतो आणि गाडी तिथंच राहते, असं होतं का?" म्हणाले, "नाही नाही, गाडी पळते छान. रिव्हर्स पडत नाही, करकरतो. पहिलाही अडतो." मी त्यांना बाहेर नेऊन बॉनेट उघडायला लावलं. क्लच-ब्रेक ऑइलची डबी किमान खुणेच्या बरीच खाली होती, आणि गिअरबॉक्सवर बसवलेल्या स्लेव्ह सिलिंडरखाली (पेडलचा दाब ऑइलमार्फत क्लचपर्यंत पोचवणारा भाग) ओलं होतं. स्लेव्ह सिलिंडर बदलून आणि हवा काढून काम दीड-दोन हजारांत झालं. क्लच प्लेट घट्ट पकडत नसेल तर क्लच स्लिप होतो, म्हणजे घसरतो. पेडल दाबूनही प्लेट सुटत नसेल तर गिअर अडतात. एक दुखणं दुसऱ्याच्या बरोबर उलटं आहे, आणि चिठ्ठी मात्र दोन्हीला एकच मिळते.

म्हणून स्लिप होणं म्हणजे काय, ते नीट लिहिते. इंजिनच्या टोकाला फ्लायव्हील असतं. त्यावर प्रेशर प्लेटची स्प्रिंग क्लच प्लेटला दाबून धरते, आणि त्या दाबावर इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे जाते. लायनिंग झिजलं, त्यावर ऑइल आलं किंवा स्प्रिंगचा जोर गेला की प्लेट घसरायला लागते. इंजिन फिरतं, चाकाला तेवढं पोचत नाही. ही घसरण पहिल्या गिअरमध्ये लवकर कळत नाही. आधी दिसते ती वरच्या गिअरमध्ये, चढावर, गाडी भरलेली असताना. चौथ्या गिअरमध्ये चाळीस-पन्नासच्या वेगाने जाताना, मागेपुढे कोणी नाही असं बघून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. चांगल्या क्लचला आरपीएमचा (इंजिनच्या फेऱ्यांचा) काटा आणि वेगाचा काटा एकमेकांचा हात धरून वर जातात. स्लिप होत असेल तर आरपीएमचा काटा झटकन हजारभर उडी मारतो आणि वेग मागे राहतो. काटे दोन्ही समोर असतात, मालकाला स्वतःला वाचता येतात. त्यासाठी मेकॅनिकवर विश्वास ठेवायचीही गरज नाही आणि अविश्वास दाखवायचीही.

दुसरी परीक्षा उभ्या गाडीवरची. सपाट जागा हवी, समोर माणूस किंवा भिंत नको, चाकांपुढे दगड किंवा लाकडी ठोकळा, हँडब्रेक पुरता ओढलेला. इंजिन गरम झाल्यावर क्लच दाबून तिसरा किंवा चौथा गिअर टाकायचा, आरपीएम दीड-दोन हजारांवर न्यायचा आणि क्लच सावकाश पण मध्ये न थांबता पूर्ण सोडायचा. ठीक असलेला क्लच इंजिनला बंद पाडतो. पूर्ण सोडल्यावरही इंजिन बिनधास्त चालत राहिलं तर क्लच स्लिप होतोय, शंका नको. हे एकदा, फार तर दोनदा करावं. चार-पाचदा केलं तर चांगली प्लेटही तापून जळेल, आणि मग "बघा, मी म्हणत होतो" म्हणायला मेकॅनिक मोकळा. ज्या गाड्यांना ओढायचा हँडब्रेक नसून बटण आहे, त्यांतल्या कित्येकांत गाडी पुढे निघायला लागली की तो ब्रेक आपोआप सुटतो. तिथे हा प्रयोग करू नये.

घाटात जळका वास आला म्हणजे क्लच गेला, हाही मोठा गैरसमज. पाचगणीच्या अलीकडे वास आला, खिडकीतून धूर दिसला, की मंडळी घाबरतात आणि पहिल्या गॅरेजमध्ये शिरतात. सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या, अर्धा तास थंड होऊ द्या, मग वर सांगितल्याप्रमाणे तपासा. पुष्कळदा क्लच पुन्हा धरतो. लायनिंगचा थोडा भाग जळालेला असतो, त्याचं आयुष्य कमी होतं, पण गाडी घरी जाते आणि काम आपल्या ओळखीच्या ठिकाणी, चौकशी करून करता येतं. थंड झाल्यावरही स्लिप होत असेल तर गोष्ट वेगळी. मग उतरताना जपावं. उतारावर इंजिनने गाडी आवरली जाते ती याच क्लचमधून, तो घसरत असेल तर सगळा भार ब्रेकवर येतो. अशी गाडी भरलेली असताना घाट उतरवण्यापेक्षा टोइंगचे पैसे द्यावेत.

पिकअप नाही, या एकाच तक्रारीच्या पोटात इतरही बऱ्याच गोष्टी असतात. एअर फिल्टर तुंबलेला, डिझेल फिल्टर संपलेला, टर्बोचा पाइप फाटलेला, ब्रेक जाम. या सगळ्यांत आरपीएम आणि वेग दोन्ही बरोबरच मंद वाढतात, काटे एकमेकांना सोडत नाहीत. केबलवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांत केबल अति ताणलेली असली तरी क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग सतत दाबलेलं राहतं आणि चांगली प्लेट स्लिप होते. त्याला एक पाना आणि पाच मिनिटं पुरतात. पेडलच्या वरच्या टोकाला थोडी मोकळी चाल आहे की नाही, ते हातानेही कळतं. पेडल खूप वर येऊन पकडतं म्हणून प्लेट संपली, हा नियम केबलच्या गाडीला बऱ्यापैकी लागू पडतो. ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिकला तितका नाही, तिथे झीज बरीचशी आपोआप भरून निघते. पेडल दाबल्यावर आवाज येत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर. ते जातं तेव्हा प्लेट चांगलीही असू शकते. मात्र तिथवर पोचायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, म्हणून अशा वेळी प्लेटचाही विचार करावा, हे मी स्वतःच सांगते.

एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर यंत्रच चालवतं अशा गाड्यांच्या मालकांसाठी दोन शब्द. २०१४ मध्ये सेलेरियोपासून आपल्याकडे स्वस्तातल्या या ऑटोमॅटिक आल्या, आणि क्लच पेडल नाही म्हणजे क्लचच नाही, असं लोक धरून चालले. आत क्लच तोच साधा, कोरडा, एका प्लेटचा. फक्त पाय आपला नसून यंत्राचा. घाटातल्या रांगेत ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवर गाडी जागच्या जागी तोलून धरली, की तोही जळतो. आणि बदलल्यावर स्कॅनर लावून नव्या क्लचची जुळणी यंत्राला शिकवावी लागते. ती सोय नसलेल्या गॅरेजमध्ये एएमटीचा क्लच खोलू देऊ नये.

आता पैशांचं. आमच्याकडे आणि आसपासच्या गॅरेजांमध्ये सध्या जे चालतं ते ढोबळमानाने लिहिते. गाडी, कंपनी आणि गाव यांप्रमाणे हजार-दोन हजार इकडेतिकडे धरावेत. छोट्या पेट्रोल गाडीला प्लेट आणि प्रेशर प्लेटचा सेट तीन ते साडेपाच हजार, रिलीज बेअरिंग सातशे ते दीड हजार, मजुरी दोन ते साडेतीन हजार. म्हणजे साधारण सहा ते साडेदहा हजारांत काम व्हायला हवं. अधिकृत सर्व्हिस सेंटरला मजुरी जास्त, त्यामुळे एकूण आकडा वरच्या टोकाला किंवा पलीकडे जातो. डिझेल एसयूव्हीला सेटच आठ ते चौदा हजारांचा. कित्येकींत स्लेव्ह सिलिंडर बेअरिंगसकट गिअरबॉक्सच्या आत असतो, त्याचे आणखी तीन ते सहा हजार, मजुरीही तशीच. पंधरा ते पंचवीस हजार धरून चालावं. काही डिझेल गाड्यांना दोन तुकड्यांचं, आत स्प्रिंग असलेलं ड्युअल मास फ्लायव्हील असतं. ते गेलं तर एकट्या फ्लायव्हीलला पंचवीस-तीस हजारांपासून पुढे. पुष्कळ मोठी बिलं इथेच फुगतात. ते खरोखर गेलंय की नाही, हे हाताने फिरवून, त्याच्या दोन भागांतली ढिलाई मोजून ठरतं. साध्या एकसंध फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चरे असतील तर टर्नरकडे फेस मारून, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून घेता येतो, नवीन घ्यायची वेळ क्वचित येते.

एक हिशेब गिऱ्हाइकांनी जरूर करावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्टवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. करासह पाच हजारांना मिळणारा सेट त्या हिशेबाने चार हजार सहाशेच्या आसपास यायला हवा. जुन्या छापील किमतीचं खोकं पुढे केलं आणि कोणी तोच आकडा मागितला, तर हे तोंडावर विचारायला लाजू नये. आम्हा दुकानदारांनाही विचारावं.

सेट बदलताना कशाला कात्री लावू नये, तेही सांगते. थोडे पैसे वाचवायला नुसती प्लेट बदलून जुनी प्रेशर प्लेट आणि बेअरिंग ठेवणारे मला कळत नाहीत. बेअरिंग सहा महिन्यांनी ओरडायला लागलं की पुन्हा गिअरबॉक्स खाली, पुन्हा तीच मजुरी. त्याहून महत्त्वाचं क्रँकचं मागचं ऑइल सील. जुनी प्लेट ऑइलने माखून स्लिप झाली असेल आणि सील न बदलता नवी टाकली, तर ती नवीही त्याच वाटेने जाणार. शंभर-दीडशे ते चार-पाचशेचा पार्ट. पण गिअरबॉक्स उतरलेला असतानाच तिथे हात पोचतो. व्हॅलिओ, लुक, एक्सेडी, सॅक्स या कंपन्यांपैकी कोणतंही अस्सल खोकं चालतं, त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. वाद घालायचाच तर अस्सल की नक्कल यावर घाला. खोक्यावरचा क्यूआर कोड किंवा होलोग्राम तपासा, पार्ट नंबर बिलावर लिहून घ्या. निम्म्या किमतीत मिळालेल्या नकली प्लेटचं लायनिंग पहिल्याच उन्हाळ्यात सुटून आलेलं मी पाहिलं आहे.

बिलाचं नाव काढलं की निम्म्या ठिकाणी चेहरा पडतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी लागत नाही. पण एवढ्यासाठी कोण साताऱ्याला चकरा मारणार, हे मलाही कळतं. म्हणून मी म्हणते ते कायद्याच्या अलीकडचं आहे. गिअरबॉक्सच्या पहिल्या बोल्टला पाना लागण्याआधी मालकाला शेजारी बसवून चाचणी व्हावी. पार्ट आणि मजुरी वेगवेगळी लिहून द्यावी. जुनी प्लेट काम झाल्यावर डिकीत ठेवावी, दुसऱ्या दिवशी भंगारात गेली, हे उत्तर नको. प्लेट हातात आली की शेंबडं पोरही सांगेल, रिव्हेट आणि लायनिंग एका पातळीत आलंय की नाही ते. आमच्या भागात असे मेकॅनिक आहेत, मी त्यांना ओळखते, आणि त्यांच्याकडे गर्दी असते. बाकीच्यांना हे जमत नाही असं नाही. कोणी मागत नाही म्हणून चाललंय.

वॉरंटीच्या भरवशावर राहणाऱ्यांनी पुस्तिका वाचावी. क्लच प्लेट झिजणारा पार्ट म्हणून बहुतेक कंपन्या तिला वॉरंटीतून वगळतात. नवी कोरी गाडी पंधरा हजार किलोमीटरला क्लच जाळून येते तेव्हा मालक भांडतात, आणि हरतात. कारण प्लेट जाळलेली असते, झिजलेली नसते. जपून चालवणाऱ्याचा क्लच साठ हजारांपासून लाख किलोमीटरपर्यंत टिकतो.

मग जाळतो कोण? पसरणी घाट वाईपासून पाचगणीपर्यंत साधारण बारा किलोमीटरचा, चढ साडेपाचशे मीटरच्या वर. कोंडीत त्या चढावर दर वीस फुटांनी थांबायचं आणि निघायचं. शहरात शिकलेला माणूस चढावर ब्रेक सोडतो, गाडी मागे यायला लागते, घाबरून तो अर्धा क्लच सोडून ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरतो. रांग हलेपर्यंत तसाच. हँडब्रेक ओढून, गिअर न्यूट्रल करून क्लच पेडल पूर्ण सोडावं, निघताना इंजिनने गाडी ओढायला सुरुवात केल्यावर हँडब्रेक सोडावा, एवढीच युक्ती. ती नवीन नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १५ मध्ये, लायसन्सच्या परीक्षेत काय काय करून दाखवायचं त्या यादीतच, तीव्र चढावर थांबून हँडब्रेक (किंवा ॲक्सिलरेटर आणि पायाचा ब्रेक) नीट वापरून मागे न घसरता पुन्हा निघणं लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात किती जणांकडून हे करून घेतलं जातं? माझ्या भाच्याने सपाट मैदानावर आठचा आकडा काढला आणि लायसन्स घेऊन घरी आला. मोटार ट्रेनिंग स्कूलवाले तर हाफ क्लच हीच चढावरची विद्या म्हणून शिकवतात. त्यांच्या स्वतःच्या गाड्यांना किती प्लेटा लागतात, ते मला विचारा.

परिवहन कार्यालयाने चढाची परीक्षा कागदावरून रस्त्यावर आणावी. घाटाच्या पायथ्याशी 'थांबलात तर हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा, क्लच सोडा' असा ठळक फलक लावावा. सुट्टीच्या दिवशी तिथे पोलीस असतातच. आणि गॅरेजवाल्यांच्या संघटनांनी क्लचच्या कामाची मजुरी गाडीच्या प्रकाराप्रमाणे फलकावर लिहावी, केस कापण्याच्या दुकानातही दर लावलेले असतात.

माझ्यापुरतं मी एक केलं आहे. क्लच सेट न्यायला गिऱ्हाईक स्वतः आलं तर काट्यांची चाचणी झाली का, एवढं विचारते. झाली नसेल तर सेट देते, पण खोक्याचं सील न फोडता परत आणला तर आठवडाभर पूर्ण पैसे परत. काही सेट परत आले आहेत. नवरा म्हणतो धंदा बुडवशील. बघू.

पत्रासोबत नाव-पत्ता दिला आहे, तो कृपया छापू नये. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांतले निम्मे उद्या सकाळी दुकान उघडल्यावर उधारीवर पार्ट न्यायला येणार आहेत.

आपली,
एक स्पेअर पार्ट विक्रेती, वाई (जि. सातारा)